राहत्या घराची गिरणी

वाळवंटात राहून स्वतःच्या घरात पूर आणणारं अमिरातीतलं पहिलं मराठी कुटुंब बहुधा आमचंच असावं. यात आईबाबांचा काही वाटा नाही. संपूर्ण श्रेय माझं.

माझं नाव क्रांती. धाकट्या बहिणीचं समता. यावरून बाबांचा अंदाज यावा. ते अंबरनाथला कारखान्यात होते तेव्हा युनियनची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि गेटवर उभं राहून वाटायचेही (तिन्ही खात्यांना माणूस एकच). पुढे कारखाना बंद पडला, बाबा शारजात एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनियर झाले, आणि येताना त्या जुन्या पत्रकांची एक ट्रंक घेऊन आले. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. इतर मुलं 'कमळ बघ' वाचत होती, मी 'आमच्या मागण्या मान्य करा' वाचत होते. बाबा स्वतः मात्र, जिथे युनियन नावाची वस्तूच नाही अशा देशात अत्यंत सुखाने नोकरी करत राहिले. व्हिसाच्या खिडकीवर कोणी माझ्या नावाचा अर्थ विचारलाच तर ते 'चेंज' असं सांगून हसतात. मला ही तडजोड वाटते. आईला शहाणपण वाटतं. (मी स्वतः दुबईतल्या एका कंपनीसाठी फ्लॅटविक्रीची माहितीपत्रकं लिहिते, पण तो विषय इथे नको.)

तर घर. शारजात आम्ही अकराव्या मजल्यावर राहायचो. आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतलं स्वयंपाकघर दिसायचं आणि त्या बाईला आईचं. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींना काय शिजतंय ते बघत आल्या, कधी बोलल्या नाहीत. मग बाबांच्या कंपनीला डोंगरातलं एक काम मिळालं. एका वाडीच्या, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या काठावर एक जुनी पाणचक्की होती. तिचं राहतं घर करायचं होतं. मालक अबू हमद नावाचे वयस्क अमिराती गृहस्थ. चक्की त्यांच्या पणजोबांची. घर झालं, सुंदर झालं, आणि अबू हमदच्या मुलींनी तिथे मॉल नाही म्हणून राहायला साफ नकार दिला. रिकामं घर मरतं, असं अबू हमदचं मत. ते बाबांना म्हणाले, "मुहंदिस, तुम बनाया, तुम रहो. थोड़ा दिन. फिर मैं देखेगा."

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. अबू हमदनी बाबांना दुसऱ्या नावाने कधी हाक मारलेली नाही.

आम्ही आलो आणि आई पहिल्या दिवशीच हरवली. म्हणजे घराबाहेर मातीत बसलेली सापडली. कुंडीतली तुळस तिने जमिनीत लावली होती आणि तिच्याकडे बघत बसली होती. समोर नदी. (नदी म्हणजे बहुतेक दिवस गोटेच. पण त्या वर्षी डोंगरात पाऊस झाला होता आणि गोट्यांमधून खरोखरचं पाणी वाहत होतं.) मागे खजुराची झाडं. आई म्हणाली, "अहो, मला इथून हलवू नका." आईने आयुष्यात बाबांकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. बाबांनाही आठवत नसावं, कारण ते गोंधळून "बरं, बघतो, एनओसी लागेल," असं काहीतरी म्हणाले.

आता ही चक्की चालायची कशी ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या पराक्रमाची उंची कळणार नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी एका दगडी पाटातून गावात येतं. त्या पाटाला इथे फलज म्हणतात. फलजचा एक फाटा आमच्या घराला चिकटलेल्या उंच दगडी बुरुजावर जातो. बुरुज आतून विहिरीसारखा पोकळ. पाणी वरून त्यात पडायचं आणि तळघरातल्या आडव्या लाकडी चाकावर आदळायचं. चाक फिरलं की त्याचा कणा फिरायचा, आणि तो कणा वरच्या खोलीतल्या जात्याची वरची तळी, म्हणजे पाळू, गरगर फिरवायचा. वरची खोली आता आमचा हॉल होता. जातं जागच्या जागी ठेवून त्यावर जाड काच टाकली होती, आणि त्या टीपॉयवर आम्ही चहा प्यायचो. तळघरात चाक होतं, त्याच्यावर पिवळे दिवे होते, आणि शेजारच्या दगडी कमानीत पाहुण्यांसाठी बाथरूम होतं. बुरुजावरच, फाट्याच्या तोंडाशी, एक लाकडी फळी घालून पाणी बंद केलेलं होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बाबांना अबू हमदचा फोन आला. शनिवारी दुपारी जेवायला येतो, घर बघतो, मग तुमचं राहायचं ठरवू.

त्या क्षणापासून आई घाबरली. तिने घरातली प्रत्येक वस्तू पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. मग नेहमीप्रमाणे चकलीची भाजणी भाजायला घेतली, कारण घाबरली की आई भाजते. तांदूळ, डाळी, धणे, जिरं, सगळं खमंग भाजून मोठ्या पातेल्यात गार करत ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की दळायला शारजातल्या गिरणीत जावं लागेल. म्हणजे शनिवारच्या आत बाबांची एक सुट्टी आणि रस्त्यावरचा तो ट्रॅफिक.

"काय म्हणायचं," आई सहज म्हणाली. "राहायचं गिरणीत आणि पिठाला जायचं शारजाला."

बस. एवढंच वाक्य.

माझ्या अंगात काहीतरी पेटलं. ज्या यंत्राने या खोऱ्यातल्या माणसांच्या कित्येक पिढ्या जेवू घातल्या, त्यावर आपण मारी बिस्किटं ठेवतो. कष्टाच्या हत्याराचा शोपीस! मी उभी राहिले. (मी महत्त्वाचं बसून बोलू शकत नाही.)

"शनिवारी अबू हमद आले की त्यांच्यासमोर त्यांच्या पणजोबांची चक्की चालू करायची," मी जाहीर केलं. "आपल्या भाजणीने."

"अगं, चालते का ती?" आई.

"चालत नाही कारण चालवली नाही. चालवली की चालेल. आणि स्वतःच्या पणजोबांची चक्की फिरताना बघून कोणता माणूस म्हणेल की घर सोडा?"

आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. ती मी दाखवलेली आशा होती, हे मला अजून छळतं.

समता फोनमधून वर न बघता म्हणाली, "ताई, द ग्लास टेबल इज लाइक, अ फीचर."

"ती काच अन्याय आहे."

"इट्स फ्रॉम इटली."

बाबा दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "क्रांती, एक मुद्दा आहे. पाणी वरून येईल. पण जाईल कुठे?"

"नदीत."

"हो, पण कुठून?"

आणि इथे मी ते केलं जे आमच्या घरात बाबांनीच मला शिकवलं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायच्या ऐवजी भाषण दिलं. "जिथून पिढ्यान्‌पिढ्या गेलं तिथून!" मी म्हणाले. "बाबा, पाण्याला वाट विचारावी लागत नाही. पाणी वाट काढतं. अडवतात ती माणसं. तुमच्याच एका पत्रकात आहे हे!"

बाबा काहीतरी बोलणार होते. पण स्वतःचं वाक्य इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी तोंडून ऐकलं की माणूस विरघळतो. त्यांचे डोळे भरले. "कुठल्या पत्रकात गं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तांत्रिक चर्चा तिथे संपली.

तयारी जोरात झाली. काच उतरवून भिंतीला टेकवली. जातं उघडं पडल्यावर आईने हात फिरवून निकाल दिला, "दगड गुळगुळीत झालाय. टाकी लावायला हवी." जात्याचा दगड झिजला की छिन्नी-हातोडीने त्यावर पुन्हा खाचा पाडतात, ती टाकी. बाबांनी एक व्हिडिओ बघितला, डोक्यावर सेफ्टी हेल्मेट घातलं आणि हॉलमध्ये दोन संध्याकाळी ठोकत बसले. आई शेजारी बसून "जरा तिरकं, अहो, तिरकं" म्हणत होती. तेवढ्यात रझियामावशी आल्या.

रझियामावशींच्या यजमानांचं गावात बकाला आहे, म्हणजे किराणा दुकान. मूळ गाव रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी. अख्ख्या खोऱ्यात आईशी मराठीत बोलणारी ही एकच बाई, त्यामुळे त्या रोज यायच्या आणि रोज 'आता निघते' म्हणत दोन तास बसायच्या. त्यांनी हेल्मेटधारी बाबांकडे पाहिलं.

"भावजी, काय ता? घरात काय सापडला का?"

मी योजना सांगितली. मावशींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे वरसून पाणी सोडणार?"

"हो."

"घरात?"

"चक्कीत, मावशी."

"आणि तुम्ही राहता खंय?"

"चक्कीत."

"मग मी काय म्हटलं," मावशी म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "सुनंदा, पोरीचं लग्न करून टाक गो. माझ्या माहितीत अबूधाबीचा एक आहे."

शनिवारी सकाळपासून आईने स्वयंपाक मांडला होता. मसालेभात, अळूवडी, श्रीखंड, आणि अबू हमदना तिखट चालत नाही या समजुतीने केलेली अशी एक भाजी की तिला भाजी म्हणणंही तिखट ठरावं. योजनेत प्रत्येकाला जागा नेमून दिली होती. (संघटनेशिवाय काही होत नाही.) मी बुरुजावर, फळीपाशी. रझियामावशी हॉलमध्ये, जात्याच्या तोंडात भाजणीच्या मुठी टाकायला. आई पीठ गोळा करायला, परात घेऊन. बाबांनी अबू हमदना हॉलमधल्या सोफ्यावर बसवायचं. ते बसले की समताने मला फोन करायचा. मग मी फळी काढणार, जातं फिरणार, अबू हमद भारावणार, आई राहणार.

मी बुरुजावर ऊन खात उभी होते. खाली गाडी आली. पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले, अबू हमद उतरले. बाबा त्यांना आत घेऊन गेले.  फोन येईना. शेवटी मीच केला.

"समता, आले ना?"

"येस, बट ताई..."

"बाबा आहेत ना हॉलमध्ये?"

"येस, बट ही इज..."

मी फोन खिशात टाकला. कृतीच्या क्षणी 'बट' ऐकत बसणाऱ्यांकडून इतिहास घडत नाही. मी दोन्ही हातांनी फळी उपसली. आणि एवढ्यावर थांबायला काय हरकत होती! पण मला वाटलं, आता या फळीची गरज कायमची संपली. मी ती डोक्यावर उचलली आणि नदीत भिरकावली.

फळी नदीतून डौलात निघून गेली.

पाणी धाडकन बुरुजात कोसळलं. खालून एक खोल, म्हाताऱ्या माणसाने उठताना काढावा तसा आवाज आला. मग घरघर. मी जिना उतरून धावत हॉलमध्ये गेले, आणि खरं सांगते, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. जातं फिरत होतं. वजनदार दगड भिंगरीसारखा फिरत होता, रझियामावशी मुठीमागून मूठ सोडत होत्या आणि कडेने भाजणीचं पीठ चहूबाजूंनी उडत होतं. धण्याजिऱ्याचा वास घरभर पसरला. आई परात घेऊन जात्याभोवती गोल गोल पळत होती आणि हसत होती. बाबांनी हेल्मेट काढून हातात धरलं होतं, झेंड्याला मान द्यावा तसं.

"चाललं!" मी ओरडले. "अबू हमद, देखिए..."

सोफा रिकामा होता.

"कुठे आहेत?"

"मी तेच सांगत होते," समता म्हणाली. तिने मराठीत उत्तर दिलं तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. "ते खाली गेलेत. बाथरूमला. नमाजाआधी हातपाय धुवायला."

बाबांचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला. "खालच्या?" ते म्हणाले. "खालच्या बाथरूममध्ये?"

"मग त्यात काय?"

"क्रांती, ते बाथरूम म्हणजेच पाणी बाहेर जायचा बोगदा. पलीकडचं तोंड मीच भिंत घालून बंद केलंय. ड्रॉइंगमध्ये तसंच होतं."

पाणी आत येण्याची वाट ऐतिहासिक म्हणून जपली होती. बाहेर जाण्याची वाट मोक्याची म्हणून तिथे कमोड बसवला होता.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलत होतो की गं. तू पत्रक काढलंस मध्येच."

आम्ही तळघराकडे धावलो. चाक आपल्या खड्ड्यात आनंदाने फिरत होतं, वर पिवळे दिवे, आणि सगळं पाणी सवयीने जुन्या वाटेला लागलं होतं. बाथरूमच्या दाराखालून आत शिरत होतं. आतून अबू हमदचा शांत, विचारमग्न आवाज आला.

"मुहंदिस."

"जी, जी सर!"

"मैं सब नल बंद किया."

"जी सर."

"पानी बोलता, नहीं."

दार उघडलं. अबू हमद कंदुरा गुडघ्यापर्यंत उचलून उभे होते. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. त्यांची एक चामड्याची चप्पल शेजारी तरंगत होती, आणि आमचा प्लास्टिकचा लाल मग तिच्याभोवती घिरट्या घालत होता.

"मुहंदिस," ते म्हणाले, "तुम्हारा बाथरूम में नदी आता है."

आई जिन्यावर पीठमाखल्या हातांनी उभी होती. तिने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा अबू हमदकडे, आणि मग तिने तुळशीकडे बघावं तसं त्या सगळ्या घराकडे पाहिलं. तिचं घर गेलं होतं आणि तिला ते कळलं होतं. मला वाटलं, आता या पाण्यात मीच बुडावं. पण पाणी अजून तेवढं खोल नव्हतं.

"बंद कर ना ता पाणी!" वरून रझियामावशी ओरडल्या. "जातं थांबत नाय हो! भाजणी संपली माझी!"

"बंद कर, क्रांती," बाबा म्हणाले. "फळी घाल."

"फळी नाहीये."

"कुठे गेली?"

"मी नदीत फेकली."

"का?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर होतं, पण ते बुरुजावर शोभत होतं तितकं तळघरात शोभलं नसतं.

"सुनंदा," मावशींचा पुन्हा आवाज, "रिकामं जातं फिरवू नये, दगड दगडाला खातो. तांदूळ खंय आहेत तुझे?" आणि आमचे बासमती तांदूळ, मग रवा, मग बहुधा पोहेसुद्धा त्या दिवशी जात्यात गेले. मावशी हाताला लागेल ते टाकत होत्या. त्या चक्कीला इतकी भूक होती की समताच्या नाश्त्याचे कॉर्नफ्लेक्ससुद्धा ती दळून मोकळी झाली.

पाणी गुडघ्याला आलं. बाबांनी निर्णय घेतला. टाकी लावायची हातोडी आणि छिन्नी उचलली, कमोडला वळसा घालून पलीकडच्या भिंतीपाशी गेले आणि घाव घातला. काही झालं नाही. दुसरा घातला. एक टाइल निघाली.

"लवकर, अहो," आई म्हणाली.

"नाही पडत," बाबा धापा टाकत म्हणाले. आणि मग, अशा स्थितीतही, त्यांच्या आवाजात अभिमान आला. "माझ्या हातची आहे. अशी सहजी पडायची नाही."

"अहो, कौतुक नंतर करा!"

अबू हमदनी कंदुऱ्याचा घोळ कमरेला खोचला. बाबांच्या हातातली हातोडी घेतली. "मुहंदिस, तुम बहुत अच्छा बनाता है," ते म्हणाले. "अभी खराब बनाओ." आणि दोघांनी आळीपाळीने ती भिंत ठोकायला घेतली, मालकाने आणि इंजिनियरने, एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने मारायचं. "यल्ला, मुहंदिस." "जी सर." "यल्ला."

भिंतीला भोक पडलं. भोकाचं भगदाड झालं. आणि साठलेलं सगळं पाणी, हात पुसायचे नवे टॉवेल, साबणाची डिश, पायपुसणं, अबू हमदची चप्पल आणि सर्वांत पुढे तो लाल मग, असं सगळं मिरवणुकीने नदीत निघालं. चाकाचा आवाज बदलला. अडखळत होतं ते मोकळं झालं आणि जातं एका लयीत फिरू लागलं.

अबू हमद भिजलेले, धापा टाकत, त्या भगदाडातून नदीकडे बघत उभे राहिले. 

मग वळून म्हणाले, "किसने किया?"

माणसं लाख एकीच्या गप्पा मारोत, अशा वेळी सगळं घर एकाच व्यक्तीकडे बघतं.

मी पुढे झाले. पाणी निथळत होतं, केसांत पीठ होतं, त्यामुळे डोक्यावर कणीक भिजत होती. मी माझं तयार केलेलं भाषण हिंदीत दिलं. चक्की ही सजावट नसते. काम बंद पडलेलं घर कितीही सुंदर असलं तरी मेलेलंच असतं. तुम्ही म्हणता रिकामं घर मरतं, मी म्हणते रिकामं जातंही मरतं. शेवटी, "चूक माझी आहे, आईची नाही. तिला इथे राहू द्या, मला हवं तर शारजाला पाठवा," असं म्हणाले. भाषणातला हा भाग तयार केलेला नव्हता. तोच बरा झाला.

 अबू हमद अनवाणी वर गेले. जात्यापाशी बसले. मावशींनी बाजूला सरून त्यांना जागा दिली. त्यांनी कडेला साठलेलं पीठ चिमटीत घेतलं (त्यात भाजणी, बासमती, पोहे आणि कॉर्नफ्लेक्स होते), जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"मैं छोटा था," ते म्हणाले, "तब ये आवाज सुना था. फिर कभी नहीं."

आम्ही सगळे उभे होतो. 

"कांच वापस नहीं लगाना," ते म्हणाले. "दीवार वापस नहीं बनाना. चक्की चलेगा. हर शनिवार. गांव का लोग अनाज लाएगा, जैसे पहले लाता था. जो चक्की चलाएगा, वो इधर रहेगा." मग ते आईकडे वळले. "तुम रहेगा?"

"रहेगा," आई म्हणाली. बाबांना न विचारता. एनओसीचा विचार न करता. तिने आयुष्यात इतक्या वेगाने कशाला होकार दिला नसेल, लग्नालासुद्धा.

"और चलाएगा कौन?"

आईने क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट दाखवलं.

बाबांनी नवी फळी बसवून पाणी थांबवलं आणि आमचं राहणं पक्कं झालं. चकल्या झाल्या. दाताखाली चांगल्या वाजत होत्या, पण तो खुसखुशीतपणा होता की दगडाचा चुरा, हे आम्ही पाहुण्यांना ठरवू दिलं. खालचं बाथरूम पुन्हा बोगदा झालं, आणि नदीवरून थेट वारा येत असल्याने अबू हमद आले की तिथे खुर्ची टाकून बसतात.

शनिवारी मात्र अंगणात रांग लागते. अबू हमदच्या बहिणीचे हरीससाठीचे, म्हणजे मटणातल्या खिरीसाठीचे, गहू, रझियामावशींचं घावनांचं पीठ, आणि आता तर शारजापासून दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सपर्यंतच्या सगळ्या मराठी बायका ट्रॅफिक सोसत भाजण्या घेऊन येतात. गाडीतून उतरतानाच विचारतात, "गिरणीवाली कुठाय?" त्या गिरणीवालीला आठवड्याला एकच पूर्ण सुट्टी असते आणि ती शनिवारी दळण्यात जाते. पगार नाही. ओव्हरटाइम नाही. कानात पीठ.

दोन महिने सोसून मी रीतसर मागण्यांचं पत्रक लिहिलं. पर्यायी मनुष्यबळ, महिन्यातून एक शनिवार मोकळा, काम करताना मागून "तिरकं, जरा तिरकं" न म्हणणे. ते फ्रिजवर चिकटवलं. समताने ते वाचून "गुड फॉन्ट" असा पाठिंबा दिला. बाबांनी उभं राहून वाचलं, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि साइटवर जातो म्हणून निघून गेले. आईने वाचलंच नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी मी संप पुकारला. जात्याकडे पाठ करून बसले. बाहेर रांग खोळंबली. आईने कसल्याही वाटाघाटी केल्या नाहीत. तिने फक्त तवा तापवला आणि आदल्या आठवड्याच्या भाजणीचं थालीपीठ लावलं.

ते दुसऱ्या बाजूने भाजायच्या आत संप मिटला होता. मागण्यांपैकी कोणतीच मान्य झाली नाही, पण मी तोंडी मांडलेली एक नवी मागणी आईने जागच्या जागी मंजूर केली, ती म्हणजे लोण्याचा गोळा थोडा मोठा.